चौदा नंबरचं टेबल

दामिनीनं कपावर पालथा हात ठेवला आणि गुणवंताच्या हातातली किटली तशीच तिरपी राहिली. धार थांबवता थांबवता चहाचा एक थेंब तिच्या बोटावर पडला. चटका बसला असणार, पण तिनं हात हलवला नाही. "मले नको, सर," ती म्हणाली, आणि तेही पुढ्यातल्या संत्र्यांकडे पाहत. एवढंच झालं. सौंसरच्या त्या पॅकिंग हाउसमध्ये अकरा वर्षं तो रोज अकरा वाजता किटली घेऊन टेबलाटेबलावर फिरत होता, आणि अकरा वर्षांत कोणी त्याच्या हातचा चहा नाकारला नव्हता. उपासाच्या दिवशीसुद्धा बाया कप पुढं करत. एकदा एक बाई आजारी सासऱ्याच्या काळजीनं सकाळपासून रडत होती, तिनंही रडता रडता कप धरला होता. गुणवंता पंधरा नंबरच्या टेबलाशी सरकला. तिथं मोहगावच्या वत्सलाबाई होत्या, वयानं त्याच्याच बरोबरीच्या. त्यांच्या कपात ओतताना चहा बाहेर सांडला, टेबलावरून ओघळत फळांच्या ढिगाशी गेला. त्यानं खिशातला रुमाल काढून घाईघाईनं पुसला. "सरायचा हात हालून राहिला आज," वत्सलाबाई म्हणाल्या, पण कोणाला उद्देशून ते कळलं नाही. या हंगामात चालू असलेल्या बारा टेबलांवरच्या बाया एरवी चहाच्या वेळी बोलत, हसत, एकमेकींच्या सुनांची नक्कल करत. आज सगळ्यांचे अंगठे मुकाट चालले होते. संत्र्याच्या सालीवर अंगठा हलकेच दाबायचा, देठाजवळ मऊ लागलं तर फळ बाजूला टाकायचं, नाही तर पेटीत मांडायचं. त्या अंगठ्यांचा आवाज होत नाही. तरी त्याला वाटलं की तो आवाज येतो आहे.

सगळ्या टेबलांवर चहा देऊन तो मोरीशी गेला आणि किटली घासत बसला. किटली स्वच्छच होती. घासताना त्याला बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ पाठ शेडकडे असायची. खरं म्हणजे तो या शेडचा इनचार्ज होता. त्याला काचेची केबिन होती, केबिनमध्ये फिरती खुर्ची होती, पण तिच्यावर तो कधी बसला नाही. पहिल्याच दिवशी त्यानं केबिनमध्ये रिकाम्या पेट्या रचून ठेवल्या आणि स्वतः शेडमध्ये उभा राहिला. बायांना पेट्या उचलून देणं, लॉरी आली की हमालांबरोबर हात लावणं, कोणाचं डोकं दुखलं तर गोळी आणून देणं, यात त्याचा दिवस जाई. मागल्या वर्षी नागपूरच्या ऑफिसानं प्रशिक्षण द्यायला पाठवलेल्या प्रणाली मॅडमनी हे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्याकडे या गोष्टीला नाव होतं. पडद्यावर चित्रं दाखवत त्या म्हणाल्या होत्या की आजच्या काळात खरा नेता तोच, जो आपल्या टीमचा सेवक असतो. जो आधी विचारतो, तुझ्यासाठी मी काय करू. मग त्यांनी त्याला पुढं बोलावलं होतं आणि टाळ्या वाजल्या होत्या. गुणवंता त्या वेळी आपल्या चपलांकडे पाहत उभा होता. नंतर एक मुलगा कॅमेरा घेऊन आला आणि किटली घेऊन फिरणाऱ्या गुणवंताची छोटीशी फिल्म करून घेऊन गेला. येत्या महिन्यात ती कंपनीच्या सगळ्या केंद्रांवर दाखवणार होते. पांढुर्ण्याला घरी हे कळलं तेव्हा त्याची बायको स्मिता कणीक मळता मळता थांबली. "तिथं बारा जणींले चहा पाजता," ती म्हणाली, "अन् घरी बसल्या जागेवर पाणी मागता. त्या मॅडमले म्हणा, एक फिल्म इथं येऊन काढा." तो हसला होता. ती हसली नव्हती.

सकाळी दहा वाजता मीटिंग झाली होती, तिथून हे सुरू झालं. किंवा त्याआधी, काल संध्याकाळी माल घेणाऱ्या दिल्लीच्या व्यापाऱ्याकडून फोटो आले तेव्हा. किंवा गेल्या सोमवारी. गुणवंताला आता सुरुवात नेमकी कुठं धरावी तेही ठरवता येईना. मीटिंग म्हणजे शेडच्या भिंतीवर लावलेला पडदा आणि त्यावर नागपूरहून बोलणारे वीरेंद्र साहेब. साहेब पस्तिशीचे, घाईचे, पण वाईट नव्हेत. त्यांनी पडद्यावर फोटो दाखवले. उघडलेल्या पेट्या, आत हिरवी पांढरी बुरशी, काळं पाणी सुटलेली संत्री, आणि त्या लगद्यात प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर चौदा. प्रत्येक टेबलाला नंबर आणि प्रत्येक पेटीत त्या टेबलाच्या नंबराची चिठ्ठी, म्हणजे माल बिघडला तर कोणाचा हात चुकला ते कळावं, ही इथली जुनी रीत. "तेवीस पेट्या," साहेब म्हणाले, "तेवीसच्या तेवीस चौदा नंबर. चौदा नंबर कोण आहे?" दामिनी उभी राहिली. बावीस वर्षांची, रामाकोन्याची पोरगी. दोन हंगामांपासून येत होती. घरी ती आणि आई दोघीच, आणि आई गुडघ्यांनी बसलेली. "चौदा नंबर मीच, साहेब," ती म्हणाली. मग तिनं गुणवंताकडे पाहिलं. फार वेळ नाही, पापणी लवायला लागतो तितकाच. साहेबांनी विचारलं, "सर, तुम्हाला काही सांगायचंय? नाही तर संध्याकाळपर्यंत हा नंबर बंद करून वेटिंग लिस्टमधली दुसरी मुलगी घ्या." आणि गुणवंता म्हणाला, "पाहतो, साहेब." बस. पडदा काळा झाला. बाया टेबलांकडे वळल्या. आणि गुणवंता चहा ठेवायला गेला.

त्या तेवीस पेट्या त्यानं भरल्या होत्या.

शेड सुटते साडेपाचला. दामिनीची बस सव्वापाचला. त्यानंतरची येते कधी, कधी येत नाही. ती कामाला लागली त्याच आठवड्यात हे गुणवंताच्या लक्षात आलं. पाच वाजले की ती घड्याळाकडे पाहायची, हात जलद चालवायची, फळ हातातून निसटायचं. तेव्हा एक दिवस तो तिच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. "तू जा. राहिलेल्या मी भरतो." तिनं नाही म्हटलं, त्यानं पुन्हा म्हटलं, ती गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. मग रीतच पडली. पाच वाजता ती हात धुवायची, तो तिच्या जागी उभा राहायचा, तिच्या रोजच्या ठरलेल्या साठ पेट्यांत ज्या उरल्या असतील त्या भरायचा आणि त्यात चौदाची चिठ्ठी टाकायचा, म्हणजे तिचा आकडा कमी पडायला नको. आठ असत, दहा असत. गेल्या सोमवारी आईला दवाखान्यात न्यायचं म्हणून ती चारलाच गेली आणि तेवीस उरल्या. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं. त्यानं ते शेडमध्ये कोणाला सांगितलं नव्हतं, स्मितालाही अर्धंच सांगितलं होतं. ट्यूबलाइटच्या उजेडात संत्र्यावरचा डाग आणि संत्र्याचा रंग त्याला एकच दिसे. अंगठ्यानं कळायला हवं होतं. पण बायांचे अंगठे वर्षानुवर्षं शिकलेले, त्याचे नव्हते. भरताना त्याला हे माहीत होतं का? आता मोरीशी उकिडवं बसून तो स्वतःला हेच विचारत होता. माहीत होतं. आपण चांगलं काम करतो आहोत या सुखात ते बाजूला पडलं होतं.

लहानपणाची एक गोष्ट त्याला अलीकडे फार आठवायची. त्याचे वडील रघुनाथराव शाळामास्तर. पाहुणे आले की ते पोराला पुढं ओढत, म्हण रे एक कविता. गुणवंताची जीभ टाळूला चिकटायची. पाहुणे चुचकारायचे, वडिलांचा चेहरा उतरायचा. मग कोणाच्या तरी लग्नात, तो दहा वर्षांचा असेल, त्याच्या हातात वरणाची बादली आली. आणि त्याला एक अजब शोध लागला. वाढणाऱ्याच्या तोंडाकडे कोणी पाहत नाही. सगळे पळीकडे पाहतात. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो वाकून चालत गेला, पंगतीत मोठमोठी माणसं होती, आणि एकानंही त्याला कविता म्हणायला सांगितली नाही. उलट म्हणाले, मास्तरांचं पोरगं गुणाचं आहे. त्या दिवसापासून तो वाढतच राहिला. कॉलेजात, पहिल्या नोकरीत, इथं. सगळे जेवेपर्यंत तो जेवायचा नाही. लोकांना वाटे केवढी ही माया. तीही थोडी असेल. पण मायेत भीती किती आणि भीतीत माया किती, हे त्याला साठी आली तरी वेगळं काढता येत नव्हतं. पुस्तकं वाचायचा तो, रात्री झोप येईपर्यंत वाचायचा. त्यातही अशा माणसाबद्दल काही लिहिलं असलं तर तो ते पान लवकर उलटायचा. आज सकाळी साहेबांनी 'सर, तुम्हाला काही सांगायचंय' म्हटलं, तेव्हा जीभ तशीच टाळूला चिकटली होती. आणि हात आपोआप किटलीकडे गेला होता.

जेवणाच्या सुट्टीत वत्सलाबाई मोरीशी डबा धुवायला आल्या. त्यांनी डबा धुतला, झाकण धुतलं, पुन्हा डबा धुतला. मग म्हणाल्या, "सर, थो फोटो पाह्यला मी."

"हो."

"पोरीचं मांडणं नोहे थे."

गुणवंतानं किटली पालथी घातली.

"पोट्टी तिरपं मांडते. देठ बाजूले. तुमी देठ वरतं करून सरळ रांगेत मांडता. आमी हासतो ना जी त्याच्यावर. सरायचे संत्रे प्रार्थनेले उभे रायते म्हून." त्या हसल्या नाहीत. "सगळ्यायनं वळखलं."

"मग साहेबांपुढं बोलल्या का नाही कोणी?"

वत्सलाबाईंनी डब्यातलं पाणी झटकलं. "तुमचं नाव कोन घेईन, सर? तुमी आमाले चहा पाजता. माह्या नातवाच्या आजारपणात तुमी दोन दिवस माह्यं टेबल सांभाळलं. कोन्या तोंडानं घेऊ?" मग डबा पदराखाली घेत म्हणाल्या, "पोट्टी बी नाई घेनार. तिच्या आईनं तिले बजावून ठेवलं हाये, सर म्हंजे देवमानूस."

त्या गेल्यावर तो बराच वेळ नळाच्या थेंबाकडे पाहत उभा राहिला. म्हणजे अकरा वर्षं तो हे जमवत होता. एकेक कप, एकेक गोळी, एकेक उचललेली पेटी. त्यानं कधी काही परत मागितलं नव्हतं आणि याचा त्याला आतून केवढा अभिमान होता. आणि आज न मागता ते सगळं परत आलं होतं, बारा बायांच्या गप्प बसण्यातून, आणि एका पोरीच्या अंगावर जाऊन पडलं होतं. दुपारच्या उन्हानं पत्रे तापले होते, फळांना मेण लावणाऱ्या मशीनचा गोडूस वास शेडभर पसरला होता. घरी जावं, झोपावं, उद्या उठून पाहावं, असं त्याला वाटलं. पण उद्या चौदा नंबरवर दुसरी मुलगी असेल, आणि तिलाही तो चहा देईल.

त्यानं साहेबांना फोन केला. पेट्यांच्या आड उभं राहून, हलक्या आवाजात. "साहेब, त्या तेवीस पेट्या मी भरल्या होत्या. चिठ्ठी तिची टाकली. चूक माझी आहे."

साहेबांनी ऐकून घेतलं. मग साहेब चक्क हसले, प्रेमानं. "सर, तुम्ही पण ना. मला माहीतच होतं तुम्ही हे करणार."

"नाही साहेब, खरंच."

"अरे सर, मागच्या वर्षी लॉरी उशिरा सुटली तेव्हा पण तुम्ही म्हणालात माझी चूक. त्याच्या आधी वजनकाटा बिघडला, तेव्हा पण माझी चूक. प्रणाली मॅडम हेच तर सांगतात सगळीकडे. लेकिन हर बार नहीं चलेगा ना, सर. तुम्ही पोरींना पाठीशी घालता, मला माल बघावा लागतो. छोडो. संध्याकाळपर्यंत नाव पाठवा." फोन बंद झाला.

खरं होतं ते. लॉरी ड्रायव्हरमुळे उशिरा सुटली होती, काटा कोणीतरी पाडला होता, आणि दोन्ही वेळा गुणवंता पटकन माझी चूक म्हणाला होता. तसं म्हटलं की बोलणं संपायचं. कोणाला विचारावं लागायचं नाही, कोणाशी वाद घालावा लागायचा नाही. न केलेल्या चुका त्यानं इतक्या सहज अंगावर घेतल्या होत्या की केलेली एक चूक आता कोणी त्याच्या नावावर घ्यायला तयार नव्हतं. शेडच्या दारातून त्यानं पाहिलं. दामिनीनं आपली पाण्याची बाटली आणि ओढणी आधीच पिशवीत घालून ठेवली होती. पिशवी टेबलाच्या पायाशी होती. हात मात्र चालूच होते, तिरपं फळ, देठ बाजूला, तिरपं फळ, देठ बाजूला.

चार वाजता त्यानं पुन्हा फोन लावला, या वेळी चेहरा दिसणारा. फोन त्यानं चौदा नंबरच्या टेबलावर मेणाच्या डब्याला टेकवून उभा केला. "दामिनी, थोडी सरक," तो म्हणाला. ती सरकली. साहेबांचा चेहरा छोट्या चौकटीत वैतागलेला दिसला. "सर, मी मीटिंगमध्ये आहे."

"दोनच मिनिटं, साहेब. मी पेटी भरतो, ती पाहा. मग दिल्लीचे फोटो पाहा."

सगळी शेड थांबली. बारा जणींच्या नजरा त्याच्यावर, आणि पळीवर नाही, तोंडावर. पहिलं फळ निसटलं, टेबलाखाली गेलं. कोणी उचललं नाही. त्यानं दुसरं घेतलं, ठेवलं. तिसरं. त्याच्या मनात आलं की आपण मुद्दाम असं मांडतो आहोत असं साहेबांना वाटेल. म्हणून त्यानं डोळे मिटले, आणि हातांना जसं मांडायचं तसं मांडू दिलं. सरळ रांग. देठ वर. पेटी भरली तेव्हा त्यानं डोळे उघडले. चोवीस संत्री प्रार्थनेला उभी होती.

साहेब दुसऱ्या पडद्यावर फोटो पाहत असावेत. तेवढ्यात मागून वत्सलाबाईंचा आवाज आला, कोरडा. "साहेब, सरायचंच मांडणं हाये थे. आमी सगळ्या वळखतो."

"आणि डाग दिसला नाही तुम्हाला, सर?" साहेबांनी विचारलं.

"दिसत नाही. मोतीबिंदू आहे. दिवाळीपासून."

साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले. आता त्यांच्या आवाजात प्रेम नव्हतं, आणि गुणवंताला नवल वाटलं की त्यामुळेच आपल्याला जरा मोकळं वाटतं आहे. "ठीक आहे. चौदा नंबर चालू राहू द्या. रिपोर्टमध्ये मात्र तुमचं नाव जाईल. आणि सर, आत्तापासून टेबलाला हात लावायचा नाही. पेट्यांना नाही, चहालाही नाही. इनचार्ज आहात, केबिनमध्ये बसा. त्या फिल्मचं मी मॅडमशी बोलतो."

फोन काळा झाला. बाया हळूहळू कामाला लागल्या. गुणवंता टेबलाशीच उभा होता. त्याला वाटलं दामिनी काही म्हणेल. काय म्हणावं अशी त्याची अपेक्षा होती, हे त्याचं त्यालाच लाजिरवाणं वाटलं. तिनं त्यानं भरलेली पेटी उलटी केली, फळं पुन्हा ढिगात सोडली आणि एकेक अंगठ्यानं तपासू लागली. तीन बाजूला टाकली.

"सर, एक विचारू?"

"विचार ना."

"दोन वर्षं तुमी रोज माह्या जागी उभे रायले. आमी सहा जणी हाओत ना जी, बस चुकनाऱ्या. टेबल पाच वाजता बंद करा, सकाळी अर्धा तास लवकर येतो आमी, असं एकडाव तरी वरतं सांगून पाह्यलं का?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. गुणवंतानं तोंड उघडलं. नाही, त्यानं सांगितलं नव्हतं. सुचलंही नव्हतं, असं तो म्हणणार होता; पण तेही खरं नव्हतं. सुचलं होतं, पहिल्याच आठवड्यात. साहेबांना फोन करून मागावं लागेल, ते का म्हणून विचारतील, मग उत्तर द्यावं लागेल. त्यापेक्षा तेवीस पेट्या भरणं सोपं होतं.

"नाही," तो म्हणाला.

"बरं," दामिनी म्हणाली.

केबिनमधल्या रिकाम्या पेट्या त्यानं बाहेर काढल्या. हे हात लावण्यात येतं का, असा एक खुळा विचार मनात आला. खुर्चीवर अकरा वर्षांची धूळ होती. रुमालानं पुसायला गेला तर रुमाल सकाळच्या चहानं ताठ झालेला. तो तसाच बसला. खुर्ची करकरली. काचेतून सगळी शेड दिसत होती, सगळ्यांच्या पाठी आणि चालते कोपर. इथून कोणाच्या चेहऱ्यावर काय आहे ते कळत नव्हतं, म्हणून तर तो इथं बसत नव्हता, असं त्यानं एकदा प्रणाली मॅडमना सांगितलं होतं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं होतं. पाच वाजले. चौदा नंबरच्या टेबलाशी रिकाम्या पेट्या उरल्या होत्या. त्यानं मोजल्या, नऊ. दामिनीनं घड्याळाकडे पाहिलं नाही. गुणवंताचे गुडघे आपोआप सरळ झाले, तो अर्धा उठला, आणि पुन्हा बसला. पाच दहा. सहा पेट्या. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, एकदा, थोड्या वेळानं पुन्हा, आणि मग इंजिनाचा आवाज छिंदवाड्याच्या दिशेनं लांब गेला. दामिनीचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. त्याच्या तळव्यांना खाज सुटल्यासारखं झालं. दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबून धरले, शाळेत धरायचा तसे.

मग त्यानं एक हात सोडवून फोन काढला. आधी लिहूनच टाकावं म्हणून लिहिलं. विनंती लिहिलं, कृपया लिहिलं, जमल्यास लिहिलं. वाचून पाहिलं. हे साहेब उद्या वाचतील आणि बघू म्हणतील, आणि आपल्याला तेच हवं आहे, हे त्याला अगदी स्पष्ट दिसलं, मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही. लिहिलेलं खोडलं आणि फोन लावला. घंटी वाजत राहिली. चौथ्या घंटीला त्याला वाटलं, न उचलला तर बरं. पाचव्या घंटीला तसं वाटल्याची शरम वाटली.

"आता काय, सर?" साहेबांचा आवाज थकलेला होता.

"साहेब, शेड पाचला बंद करायची आहे. अर्धा तास सकाळी लवकर उघडू. सहा बायांची बस जाते."

"सर, आज नको. उद्या बोलू."

"उद्या नाही," गुणवंता म्हणाला. आपण उभे राहिलो आहोत, वाकून, एक हात पुढं करून, पंगतीत वाढताना राहतो तसे, हे त्याला काचेत दिसलं. तो सावकाश खुर्चीत बसला, पाठ टेकवली, आणि तेच वाक्य त्यानं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.